एसी सर्व्हिसच्या धंद्यात नाव कसं कमवायचं

उन्हाळा तोंडावर आला की नवा धंदा टाकलेला कुणीतरी मुलगा मला गाठतो आणि विचारतो, "काकू, गूगलवर रेटिंग कसं वाढवायचं?" मी उलट विचारते, "तुझ्या टेक्निशियनला गॅस भरल्यावर कमिशन मिळतं का?" तो बुचकळ्यात पडतो, पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

आमचं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान इंदूरला अन्नपूर्णा रोडवर आहे. सुरू ह्यांनी केलं. ऑफिस, हिशेब, फोन आणि माणसं मी बघते. आमच्या धंद्यात मालक गिऱ्हाइकाच्या घरी जात नाही, टेक्निशियन जातो. सुदामा नगरच्या एखाद्या घरात तो जो पाऊण तास घालवतो, त्याबद्दलच लोक रिव्ह्यू लिहितात. तेव्हा त्या मुलाला पैसे कशाचे मिळतात, त्याला मुभा कशाची आहे आणि भीती कशाची वाटते, एवढं आधी लावून घ्या. प्रोफाइल, फोटो, रील हे सगळं त्याच्या मागून.

पगार कशाचा देता?

बाजारातली सर्रास रीत अशी की पगार जेमतेम, आणि गॅस भरला किंवा पार्ट विकला की त्यावर कमिशन. मग एसी थंड करत नाही म्हटलं की पोराच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "गॅस संपलाय, भरावा लागेल." एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वरून गॅस भरला तर काही दिवसांनी पुन्हा तीच तक्रार येणार. गिऱ्हाइकाला हे पहिल्या वेळी कळत नाही, दुसऱ्या वेळी कळतं, आणि मग ते चार लोकांना सांगतं. यात पोराची नियत वाईट असते असं मी म्हणणार नाही. त्याला खोलीचं भाडं द्यायचं असतं आणि भाडं कमिशनमधून निघतं. ही व्यवस्था मालकानं केलेली असते.

आमच्याकडे कमिशन नाही. ठरलेला पगार आहे आणि वर महिन्याचा बोनस. केलेल्या कामाची तक्रार ३० दिवसांत परत आली नाही, तर ते काम बोनसात धरायचं, एवढाच हिशेब. यामुळे कामाची जातच बदलते. पोरगा नायट्रोजन भरून प्रेशर धरतंय का ते बघतो, जोडांवर साबणाचं पाणी लावतो, व्हॅक्यूम पंप पुरा वेळ चालू ठेवतो. मागे उभं राहून कुणी सांगावं लागत नाही, कारण घाई केली तर त्याचाच बोनस जातो. असं करायचं तर दर थोडे जास्त ठेवावे लागतात. फक्त स्वस्त बघणारी काही गिऱ्हाइकं निघून जातात, आणि त्यांना जाऊ द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र व्हिजिट चार्ज किती आणि तो कशाचा, हे फोनवरच सांगा. घरी पोचल्यावर कळलेला आकडा माणसाला नेहमी फसवल्यासारखाच वाटतो.

पगार सात तारखेच्या आत द्या. नेमणूकपत्र द्या, पगाराची पावती द्या. दहा माणसं झाली की ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा विषय येतो. तो टाळायला कागदावर नऊच माणसं दाखवणारे लोक या धंद्यात आहेत. पोरांना हे सगळं कळत असतं. मालक सरकारला फसवतो हे ज्यानं पाहिलं, त्यानं गिऱ्हाइकाशी खरं बोलावं ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? दहा माणसांपाशीच आणखी एक गोष्ट लागू होते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. अध्यक्ष ऑफिसमधली ज्येष्ठ बाई, आणि एक सदस्य बाहेरचा. आमच्याकडे फोन घेणाऱ्या मुली आहेत, आणि फोनवर गिऱ्हाईक वाटेल ते बोललं तर फोन ठेवून द्यायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. त्या गिऱ्हाइकाशी पुढचं बोलणं मी करते.

मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर असतो. तेव्हाच आमचं काम सगळ्यात जास्त, आणि आउटडोअर युनिट बहुतेक वेळा गच्चीवर. म्हणून भर दुपारी गच्चीवरचं काम आम्ही शक्यतो घेत नाही. गिऱ्हाइकाला सकाळची किंवा पाचनंतरची वेळ देतो आणि कारण सरळ सांगतो. बहुतेक लोक समजून घेतात. बॅगेत ओआरएसची पाकिटं, कठड्याबाहेरच्या कामाला सेफ्टी बेल्ट, आणि सीझन कितीही जोरात असला तरी पाळीपाळीनं आठवड्याची सुट्टी. उन्हानं करपलेला, तीन आठवडे सुट्टी न मिळालेला माणूस दारात उभा राहून गोड बोलेल कसा?

मुभेबद्दल. आमचा टेक्निशियन जागच्या जागी, मला न विचारता, ३०० रुपयांपर्यंत बिल कमी करू शकतो. उशीर झाला, भिंतीला ओरखडा गेला, म्हातारे आजोबा एकटेच आहेत, कारण काहीही असो. फक्त जॉब कार्डावर एक ओळ लिहायची. "मालकाला विचारून सांगतो" हे वाक्य गिऱ्हाइकाला चिडवतं आणि पोराला लहान करतं. हा अधिकार दिला की पोरं उधळतील असं मला पुष्कळांनी ऐकवलं. आमच्याकडे उलट झालं. ती माझ्यापेक्षा काटेकोर निघाली.

भीतीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. दर सोमवारी सकाळी साडेआठला दुकानात सगळे जमतात. पोहे येतात, जलेबी येते, आणि पहिला प्रश्न असतो: मागच्या आठवड्यात कुणाचं काम परत आलं? यावर रागावणं नाही, दंड नाही. बोनसात ते काम धरलं जात नाही एवढं पुरे. दंड लावलात तर काय होतं ते सांगते. पोरगा गिऱ्हाइकाला स्वतःचा मोबाइल नंबर देतो आणि म्हणतो, काही झालं तर ऑफिसला नको, मलाच फोन करा. मग तो रविवारी गुपचूप जाऊन येतो. तक्रार तुमच्या रजिस्टरमधून गायब होते आणि थेट गूगलवर उगवते. आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, ते सोमवारी आपलं परत आलेलं काम सगळ्यांच्या आधी सांगतात. त्यांनी सांगितलं की नवी पोरं मोकळी होतात.

घरात पाऊल टाकल्यापासून

आमच्याकडे ठरलेला क्रम आहे, आणि तो नव्या मुलाला उस्तादांबरोबर फिरवूनच शिकवतो. निघताना फोन. गळ्यात ओळखपत्र. चपला-बूट बाहेर. इनडोअर युनिटखाली आधी चादर, मग शिडी. बिघाड सापडला की दुरुस्तीआधी दाखवायचा आणि रक्कम सांगायची. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. पैसे दुकानाच्या क्यूआर कोडवर, पोराच्या खात्यावर कधीच नाही. पक्कं बिल.

यातलं जुना पार्ट हातात देणं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. राजेंद्र नगरच्या एका घरी आउटडोअरचा पंखा फिरत होता, पण कॉम्प्रेसर नुसता घुमत होता, सुरू होत नव्हता. दुसऱ्या कुणीतरी येऊन गॅसचा खर्च सांगून गेलेलं होतं. आमच्या मुलानं मेन स्विच बंद केला, कॅपेसिटर (कॉम्प्रेसर सुरू करायला लागणारा छोटा विजेचा भाग) डिस्चार्ज करून काढला, मीटर लावला. त्यावर छापलं होतं ५० मायक्रोफॅरड, मीटर दाखवत होता ३० च्या आसपास. त्यानं घरच्या काकांना बोलावून आधी छापलेला आकडा वाचायला लावला, मग मीटर. नवा कॅपेसिटर बसवला, कॉम्प्रेसर लागला, जुना त्यांच्या हातात दिला. संध्याकाळी रिव्ह्यू आला: "लड़के ने पुराना कैपेसिटर हाथ में देकर समझाया, गैस के पैसे बच गए।" ही एक ओळ वाचून त्या कॉलनीतून किती फोन आले असतील! आणि ती ओळ लिहिली गेली, कारण गॅस भरण्यात त्या मुलाचा काही फायदा नव्हता.

कचऱ्याचंही सांगायला हवं. नवा एसी बसवला की थर्माकोल, खोका, भिंतीला भोक पाडल्याचा चुरा, वायरीचे तुकडे, सगळं मागे राहतं. इंदूर २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात पंचविसावं होतं, २०१७ ला पहिलं आलं आणि पुढची कित्येक वर्षं पहिलंच राहिलं. इथे घरोघरी ओला-सुका वेगळा करून गाडीत देतात, रस्त्यावर टाकला तर दंड होतो. अशा गावात तुमचा माणूस थर्माकोल जिन्यात सोडून आला तर शेजारीसुद्धा तुमचं नाव लक्षात ठेवतील. आमची पोरं सोबत पोतं नेतात, झाडू मारतात आणि कचरा परत आणतात. रिव्ह्यूमध्ये एसीपेक्षा या झाडूचा उल्लेख जास्त येतो, भिया. विजय नगर असो की राऊ.

आता गूगल

इतकं लागलं असेल तर फोन हातात घ्या. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. २०२१ पर्यंत त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: प्रोफाइल तुमच्या स्वतःच्या ईमेलवर काढा. "सगळं करून देतो" म्हणणाऱ्या एजन्सीच्या मुलाला मॅनेजर म्हणून जोडा, मालकी देऊ नका. मालकी त्याच्याकडे आणि पैशावरून वाद झाला, की वर्षानुवर्षं जमवलेले रिव्ह्यू अडकून बसतात. वेबसाइटच्या डोमेनलाही हाच नियम. नोंदणी तुमच्या नावावरच हवी.

नाव पाटीवर आहे तेच लिहा. "बेस्ट एसी रिपेअर इन इंदूर" असले शब्द नावात घुसडायला गूगलची मनाई आहे, त्यापायी प्रोफाइल बंद पडू शकतं. मुख्य कॅटेगरी एकच निवडता येते, ती नेमकी निवडा. त्याशिवाय आणखी नऊपर्यंत जोडता येतात, पण जे काम करत नाही ते जोडू नका. घरूनच काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवेचे भाग दाखवता येतात. स्थानिक शोधात कोण वर दिसेल हे गूगल तीन गोष्टींवरून ठरवतं: शोधाशी मेळ, अंतर, आणि धंदा किती नावाजलेला आहे ते. अंतर तुमच्या हातात नाही. त्यामुळे निपानियाच्या माणसाला अन्नपूर्णा रोडचं दुकान खाली दिसलं म्हणून जीवाला लावून घेऊ नका. "पहिल्या नंबरवर आणून देतो" अशी हमी देणारे फोन गूगलचे नसतात. ठेवून द्या.

वेळा नीट भरा, आणि सणांच्या खास वेळा वेगळ्या भरा. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, अख्खं गाव रंगात असतं. अनंत चतुर्दशीला झाँकी, म्हणजे चित्ररथ निघतात, रस्ते बंद. त्या दिवशी प्रोफाइलवर "उघडं आहे" दिसलं आणि फोन कुणी उचलला नाही, तर हकनाक एक तारा हातात पडतो. फोटो स्वतःचे टाका: दुकानाची पाटी, गणवेशातली माणसं, धुण्याआधीची आणि धुतल्यानंतरची कॉइल. इंटरनेटवरून उचललेला निळ्या डांगरीतला गोरा मेकॅनिक बघून कुणाचा विश्वास बसत नाही. नाव, पत्ता आणि नंबर जस्टडायल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि बिलबुक, सगळीकडे एकसारखा ठेवा.

रिव्ह्यू मागावा कसा, वाईट आला तर काय करावं

सगळ्यांना मागा. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड काढता येतो. आम्ही दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून व्हॉट्सअ‍ॅपवर आधी विचारतो, एसी नीट चालू आहे ना? उत्तर काहीही येवो, लिंक पाठवतो. खूश दिसणाऱ्यांनाच निवडून मागणं गूगलच्या नियमात बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेटवस्तू देणंही नाही. स्वतःच्या माणसांकडून लिहून घेणं तर नाहीच. स्वतःच्या वेबसाइटवर रिव्ह्यू छापणार असाल तर भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक वाचून घ्या. रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत हे त्यात आहे. विकतचे पाच तारे घेऊ नका. गूगल ते काढून टाकतं ही एक गोष्ट, पण तुमच्या टेक्निशियनलाही ते दिसतात. खरं काम करून मिळवलेल्या त्याच्या ताऱ्यांची किंमत त्या दिवशी शून्य होते.

वाईट रिव्ह्यू आला की आमच्याकडे असं चालतं. आधी जॉब कार्ड काढायचं. मग टेक्निशियनला विचारायचं, आणि विचारताना सुरुवात "काय झालं?" अशी करायची. मग गिऱ्हाइकाला फोन. हे सगळं झाल्यावरच उत्तर लिहायचं, शक्यतो त्याच दिवशी. ज्या भाषेत त्यांनी लिहिलं त्या भाषेत: हिंदीला हिंदी, मराठीला मराठी. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे" हे छापील वाक्य कृपा करून टाकू नका. लोकमान्य नगरच्या एका ताईंनी मराठीत लिहिलं होतं की दुपारी चारची वेळ देऊन माणूस सातला आला, मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. आमचं उत्तर असं गेलं:

"नमस्कार ताई. चारची वेळ देऊन आमचा माणूस सातला पोचला, हे खरं आहे. आधीच्या घरी गळती सापडायला वेळ लागला, पण तुम्हाला फोन करणं आमचं काम होतं आणि तो केला गेला नाही. यापुढे अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर ऑफिसमधून फोन येईल. त्या दिवसाचा व्हिजिट चार्ज परत केला आहे. मुलाच्या परीक्षेला शुभेच्छा."

हे उत्तर त्या ताईंसाठी आहेच, पण पुढे ते वाचणाऱ्या पुष्कळ अनोळखी लोकांसाठीही आहे. त्यांना तुमचा राग कसा असतो आणि शब्द कसा असतो, दोन्ही यातून दिसतं. टेक्निशियनचं नाव उत्तरात लिहू नका, दोष त्याच्यावर ढकलू नका. तोही ते वाचतो, आणि त्याची बायकोसुद्धा. गिऱ्हाइकाचा पत्ता, नंबर, बिलाची रक्कम उघड करू नका. आणि जे वचन उत्तरात दिलं ते सोमवारी सगळ्यांना वाचून दाखवा. उशिराच्या फोनचं काम तेव्हापासून आमच्या ऑफिसमधल्या एका मुलीकडे ठरवून दिलं आहे.

रिव्ह्यू खोटा वाटला तर रिपोर्ट करता येतो, पण गूगल फक्त नियमभंग बघतं: शिवीगाळ, बनावट खातं, विषयाशी संबंध नसणं. कोण खरं कोण खोटं याचा निवाडा ते करत नाही. तेव्हा शांतपणे लिहा, "या नावाचं किंवा या तारखेचं काम आमच्या नोंदीत सापडत नाही, कृपया बिल क्रमांक कळवा," आणि थांबा.

रील आणि पोस्ट

सणाच्या शुभेच्छांचे बॅनर टाकून काहीही होत नाही, त्यावर पैसे घालवू नका. उपयोगाचं टाका. फिल्टर घरच्या घरी कसा धुवायचा. आउटडोअरसमोर कुंड्या का ठेवू नयेत. स्टार लेबलच्या खोलीतल्या एसींचं डिफॉल्ट तापमान १ जानेवारी २०२० पासून २४ अंश ठेवलेलं का असतं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे तापमान एक अंश वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. हे सांगताना कॅमेऱ्यासमोर टेक्निशियनला उभं करा, त्याची तयारी असेल तरच. आमच्या एका मुलाची फिल्टर धुण्याची रील पाहून त्याच्या आयटीआयमधल्या सरांनी फोन केला. नंदानगरच्या आयटीआयतून पुढची दोन पोरं त्या ओळखीवर आली. चांगली माणसं मिळणं हा नावाचा सगळ्यात मोठा फायदा, तो ताऱ्यांमध्ये मोजता येत नाही. म्हणूनच सोडून जाणाऱ्या मुलाचा हिशेब वेळेवर चुकता करा आणि अनुभवाचा दाखला द्या. तोही बाहेर जाऊन बोलतो.

गिऱ्हाइकाच्या घराचा व्हिडिओ विचारल्याशिवाय काढू नका. देवघर, मुलं, घराचा नंबर फ्रेममध्ये येऊ देऊ नका. दुरुस्तीसाठी घेतलेला फोन नंबर जाहिरातीला वापरू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, आणि कायदा नसता तरी रात्री दहाला आलेला ऑफरचा मेसेज कुणाला आवडतो? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये दुकान बंद असतानाचा मेसेज लावा, दर विचारणाऱ्यांसाठी क्विक रिप्लाय ठेवा, तक्रारींना वेगळं लेबल द्या. बस.

एक काम दर रविवारी करा. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर आपलं दुकान शोधा. गूगलवर कुणीही तुमच्या वेळा किंवा नंबर बदलण्याची सूचना देऊ शकतं, आणि ती कधीकधी लागूही होते. नंबर आपलाच आहे ना, वेळ बरोबर आहे ना, नकाशावरची खूण आपल्याच दारावर आहे ना, एवढं बघा आणि त्याच फोनवरून दुकानाच्या नंबरला एक फोन लावून पाहा.